'अ' राहिला म्हणून हसू नका

माझे बाबा चाकणला कंपनीत कामाला आहेत. परवा मी इंग्रजीत म्हणालो, "माय फादर इज वर्कर." माझा आतेभाऊ इंग्लिश मीडियमला आहे. तो हसला नि म्हणाला, "अरे, 'अ वर्कर'!" मग दोन दिवस मी इंग्रजी बोललोच नाही.

पण मराठीत आपण 'बाबा कामगार आहेत' असेच म्हणतो. 'एक कामगार आहेत' म्हणत नाही. म्हणून 'अ' विसरतो. इंग्रजीत कोणतीही एक वस्तू किंवा माणूस सांगताना 'अ' किंवा 'ॲन' लावतात. अनेक असले तर लावत नाहीत. बाई म्हणाल्या, अक्षर पाहू नका, उच्चार ऐका. अंब्रेला आणि युनिफॉर्म, दोघांचे पहिले अक्षर यूच. तरी 'ॲन अंब्रेला' पण 'अ युनिफॉर्म', कारण तिथे 'य' ऐकू येतो.

सन २००० पासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. तेव्हाचे शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे आपल्याच भागातले होते. इंग्रजी आपल्याला यावे म्हणूनच ना? मग माझे मत असे, की चुकले तर हसू नये, सांगावे. पालकांनो, तुम्हीपण घरी आम्हाला बोलू द्या. गप्प बसून काय येणार?

आय ॲम अ स्टुडंट. बघा, आला की नाही 'अ'!

— इयत्ता चौथी