आम्ही फक्त कापसावरच बोलायचं का?

‘स्टार ट्रेक’ आवडतं असं मी सांगितलं की समोरचा माणूस आधी मला न्याहाळतो आणि मग माझ्या गावाचं नाव विचारतो. गिरड. तालुका समुद्रपूर, जिल्हा वर्धा. गावातला दोस्त विचारतो, “काऊन बे, याच्यात आपलं काय हाय?” शहरातला वाचनवेडा माणूस हाच प्रश्न इस्त्री करून विचारतो : तुमच्याकडे किती समृद्ध अनुभवविश्व आहे, त्यातलं काही लिहा ना. गावातल्याचा मला राग येत नाही. त्याला खरंच उत्तर हवं असतं, आणि दोन एपिसोड सोबत बसून पाहिले की तो स्वतःच ते शोधतो. राग येतो तो दुसऱ्याचा.

कारण ‘अनुभवविश्व’ या शब्दाआड त्याची यादी तयार असते. कापूस, सोयाबीन, नापिकी, सावकार, फवारणी, आत्महत्या. यातलं काहीच खोटं नाही. हे सगळं आमच्या घरांतून गेलेलं आहे, जातं आहे, आणि त्यावर लिहिणाऱ्यांनी लिहावंच. पण कोथरूडच्या मुलाने मंगळावर कथा लिहिली तर त्याला कुणी ‘आधी तुझ्या पार्किंगच्या प्रश्नावर लिही’ असं सांगत नाही. म्हणजे वाटणी अशी झाली आहे : भविष्यकाळ त्यांचा आणि वर्तमानकाळ आमचा, तोही फक्त दुःखाचा. विदर्भातल्या पोराने अवकाशयानाचं नाव काढलं की तो आपल्या मातीपासून तुटला. जणू माती फक्त सहा इंच खोल असते.

आता माती निघालीच आहे, तर गिरडच्या टेकडीवर या. वर शेख फरीदबाबांचा दर्गा आहे, हिंदू-मुसलमान दोघेही तिथे नवस बोलतात आणि फेडतात. टेकडीवर गोल, गुळगुळीत दगड सापडतात. त्यांची गोष्ट जुन्या गॅझेटियरातही नोंदली आहे. दोन फिरते व्यापारी बाबांची थट्टा करून गेले. बाबांनी त्यांच्या नारळांचे आणि बाकीच्या मालाचे दगड केले. व्यापारी पाया पडले, तेव्हा बाबांनी वाळलेल्या पानांपासून त्यांना नवा माल करून दिला. मग व्यापारी कुठे गेलेच नाहीत, बाबांच्या सेवेतच राहिले. भूविज्ञानवाला सांगेल की हे झिओलाइट नावाच्या खनिजाचे गोळे आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा पसरला, थंड होताना त्यात वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या, आणि अशा पोकळ्यांत पुढे पाण्यातून खनिजं साचत गेली. गावातल्या पोरांना दोन्ही गोष्टी ठाऊक असतात. शाळेत एक सांगायची, उरुसात दुसरी. कुणाचंही डोकं फिरत नाही.

वाळलेल्या पानांपासून माल. १९८७ला सुरू झालेल्या ‘नेक्स्ट जनरेशन’मध्ये हेच करणाऱ्या यंत्राला रेप्लिकेटर म्हणतात. कॅप्टन पिकार्ड त्यातून चहा काढतो. आमच्या आज्यांना हे यंत्र समजावून सांगायला अर्धा मिनिट लागतो. तेव्हा ‘हे तुमचं नाही’ असं मला सांगणाऱ्याने आधी ‘तुमचं’ म्हणजे काय ते एकदा टेकडी चढून बघावं.

बरं, ही मालिका आपल्याकडे काल-परवा फोनवरून आलेली नाही. अमेरिकेत ती ८ सप्टेंबर १९६६ला सुरू झाली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मुंबईत मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली होती, हा योगायोग मला उगाच आवडतो. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनने रविवारी सकाळी ती दाखवली. तेव्हा ज्या घरात टीव्ही होता त्या घरात अर्धी आळी जमायची, आणि ‘रामायण’ यायच्या आधी स्पॉकचे कान बघून झालेले असायचे. १९७९च्या पहिल्या चित्रपटात डोक्याचा तुळतुळीत गोटा केलेली इलिया आहे ना, ती पर्सिस खंबाटा. मुंबईची पारशी मुलगी, १९६५ची मिस इंडिया. तिने त्या भूमिकेसाठी खरोखर केस उतरवले.

मात्र एवढ्यावर खूश होऊन ‘बघा, आपलं माणूस तिथे होतं’ म्हणत छाती फुगवणाऱ्यांचंही मला पटत नाही. त्या जगातला सगळ्यात गाजलेला ‘भारतीय’ कोण? खान नूनियन सिंग. १९६७च्या भागात त्याला उत्तर भारतातला, बहुधा शीख, असं म्हटलंय. नावात खानही आणि सिंगही, म्हणजे लिहिणाऱ्याने किती चौकशी केली ते कळतंच. भूमिका केली मेक्सिकोत जन्मलेल्या रिकार्डो मोंटालबान यांनी, आणि २०१३च्या चित्रपटात तोच खान चक्क गोरापान इंग्रज झाला, बेनेडिक्ट कंबरबॅच. कथेप्रमाणे या खानाने १९९२ ते १९९६ या काळात पृथ्वीच्या पाव भागाहून जास्त प्रदेशावर हुकूमत गाजवली. आपल्याकडे तेव्हा नरसिंह राव पंतप्रधान होते, त्यांना पत्ताच लागला नाही. विनोद बाजूला ठेवला तरी मुद्दा उरतो. दुसऱ्यांनी लिहिलेल्या भविष्यात आपल्याला जागा मिळते ती अशी : नाव चुकीचं, चेहरा दुसऱ्याचा, आणि काम खलनायकाचं.

पण आता खरी तक्रार, आणि ती माझ्याच जातवाल्यांविरुद्ध आहे. म्हणजे फॅन मंडळींविरुद्ध.

आपल्याकडचा मोठ्या शहरातला ट्रेकचा चाहता भेटला की आधी परीक्षा घेतो. कोणता सीझन, कोणत्या जहाजाचा नोंदणी क्रमांक, क्लिंगॉन भाषेत नमस्कार कसा करतात. एका गप्पांच्या बैठकीत माझ्या इंग्रजी उच्चारावर एक जण हसला आणि मग ‘सगळ्या वंशांना सामावून घेणारं भविष्य’ यावर वीस मिनिटं बोलला. त्याला त्यात विसंगती दिसली नाही. ज्याच्याकडे टी-शर्ट, मग आणि जहाजाचं मॉडेल, तो मोठा भक्त. हे सगळं विकणारी कंपनी मात्र चाहत्यांवर किती प्रेम करते ते बघा. चाहत्यांनी हौसेने केलेल्या चित्रपटांवरून कोर्टबाजी झाली, आणि २०१६मध्ये कंपन्यांनी नियमच काढले : गोष्ट पंधरा मिनिटांची हवी, फार तर दोन भाग मिळून तीस मिनिटं, पुढचे भाग काढायचे नाहीत. प्रेमाला मिनिटांचं माप. २०२१च्या नोव्हेंबरात ‘डिस्कव्हरी’चा चौथा सीझन सुरू व्हायला दोन दिवस उरले असताना अमेरिका-कॅनडाबाहेरच्या नेटफ्लिक्सवरून मालिकाच उचलली. ज्यांनी पैसे भरले होते ते बघत राहिले. अशा कंपनीचे आपण बिनपगारी विक्रेते व्हायचं आणि त्याला निष्ठा म्हणायचं?

मुळात हे चाहतेपण असं नव्हतंच. दुसऱ्या सीझननंतर मालिका बंद होणार अशी हवा झाली तेव्हा बीजो ट्रिंबल आणि जॉन ट्रिंबल या जोडप्याने पत्रमोहीम उभी केली. पत्रांचा असा ढीग पडला की १९६८मध्ये एनबीसीला तिसरा सीझन जाहीर करावा लागला. (तो शुक्रवारी रात्री दहाला टाकून त्यांनी सूड उगवला आणि ७९ भागांवर मालिका गुंडाळली, ते वेगळं.) १९७६मध्ये नासाच्या पहिल्या शटलचं नाव ‘कॉन्स्टिट्यूशन’ ठरलं होतं, ते चाहत्यांच्या पत्रांनी ‘एंटरप्राइज’ झालं. १९६७पासूनच ही माणसं हाताने टाइप केलेली मासिकं काढत होती, त्यांत स्वतःच्या गोष्टी लिहीत होती. डेव्हिड जेरॉल्ड या विशीतल्या पोराने बाहेरून कथा पाठवली आणि ट्रिबल नावाच्या केसाळ गोळ्यांचा तो लाडका भाग झाला. रॉनल्ड मूर सेट बघायला गेला तो स्वतःची पटकथा घेऊनच, तिचा १९८९मध्ये भाग झाला आणि तो पुढे त्याच मालिकेचा लेखक बनला. म्हणजे चाहता हा बघणारा नव्हता, भर घालणारा होता.

आणि हे आपल्याला कुणी परदेशातून शिकवायला हवं? ज्या भाषेत एकाच विठ्ठलाच्या गोष्टीत सातशे वर्षं माणसं आपापली भर घालत आली, त्या भाषेत? शिंपी आला, त्याने अभंग रचला आणि शेवटी आपलं नाव घातलं. दळण दळणारी बाई आली, तिने देवालाच जात्यावर बसवलं आणि नाव घातलं. चोखोबांना तर देवळात पाऊल टाकू दिलं नाही, पण त्यांचे अभंग कुणाला बाहेर ठेवता आले नाहीत. अभंगातली नाममुद्रा म्हणजे काय? हे जग माझंही आहे आणि मी त्यात आलो होतो याची सही. तिथे कुणी पंधरा मिनिटांचा नियम काढला नव्हता. कुणी सीझन पाठ आहेत का विचारलं नव्हतं. आमच्या भागात आजही रात्री खंजिरी घेऊन बसणारी भजनी मंडळं तुकडोजी महाराजांची भजनं म्हणतात, आणि त्यातला एखादा स्वतःचं कडवं जोडून मोकळा होतो. हा खरा फॅन.

‘पण हे सगळं पळून जाणं आहे’, असा एक आरोप उरतो. ‘डीप स्पेस नाइन’मध्ये फेरेंगी नावाची एक जमात आहे. नफा हाच त्यांचा धर्म, त्याचे नियम त्यांना तोंडपाठ. मुंबईच्या प्रेक्षकाला ते विनोदी पात्र वाटतं. कापूस गाडीत भरून नेल्यावर ज्याने ‘ओलावा जास्त आहे’ हे वाक्य ऐकलंय, त्याला ते विनोदी वाटत नाही, ओळखीचं वाटतं. १९९६च्या एका भागात क्वार्क या फेरेंग्याच्या दारूच्या दुकानात त्याचा स्वतःचा भाऊ रॉम नोकरांची युनियन काढतो आणि संप करतो. आजारपणाची रजा मिळावी, पगार कापू नये, एवढ्यासाठी. फेरेंगी समाजात युनियन हा गुन्हा. मी हा भाग शेतमजुरी करणाऱ्या दोन मित्रांना दाखवला आणि मध्येमध्ये थांबवून संवाद सांगत गेलो. त्यांनी कानांबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. विचारलं ते एवढंच, “शेवटी मजुरी वाढली का?” वाढली, असं सांगितल्यावर एक जण म्हणाला, “मंग हे इकडं काऊन नाही दाखवत?”

काऊन नाही दाखवत, तर भाषा. या मालिकेत प्रत्येकाकडे भाषांतर करणारं यंत्र आहे, कुठल्याही ग्रहावरचा प्राणी अस्खलित इंग्रजी बोलतो. त्या मालिकेखाली मराठी सबटायटल मात्र मला आजवर दिसलेलं नाही. १९९१मध्ये ‘डार्मोक’ नावाचा भाग आला. त्यात एक जमात आहे, तिची भाषा यंत्राला शब्दशः कळते पण अर्थ लागत नाही, कारण ते लोक सगळं आपल्या जुन्या गोष्टींच्या उल्लेखांतून बोलतात. गोष्ट माहीत नसेल तर वाक्य म्हणजे नुसती माणसांची आणि गावांची नावं. या भागावर जगभर कौतुकाने लिहिलं गेलंय, अशी भाषा असू तरी शकते का म्हणून. अहो, ‘ध चा मा’ हे तीन अक्षरांत काय आहे? नारायणराव पेशव्यांचा खून माहीत नसलेल्याला ते समजावून दाखवा. ‘त्याचं पानिपत झालं’ म्हणताना आपण युद्धाबद्दल बोलत असतो का? हा भाग मराठीत आणायला यंत्र नको, कुणीतरी एक शनिवार-रविवार बसायला हवं. आणि बसू शकणारी माणसं टी-शर्टच्या साइजवर चर्चा करत आहेत.

भाषांतर ही पहिली पायरी. त्यापुढचं लिहिणं. १९७४मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ नावाच्या कुणाची ‘कृष्णविवर’ ही कथा पहिली आली. ते जयंत विष्णु नारळीकर होते, आद्याक्षरं उलटी केलेले, कारण नाव बघून बक्षीस नको होतं. केंब्रिजहून आलेला खगोलशास्त्रज्ञ स्वतःचं नाव झाकून नवख्यांच्या रांगेत उभा राहिला. विज्ञानकथा लिहिणाऱ्या या माणसाला साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद मिळायला मात्र २०२१ साल उजाडलं, नाशिकला. मधल्या सत्तेचाळीस वर्षांत बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर लिहीत होते, आणि समीक्षक या सगळ्यांना ‘रंजक’ किंवा ‘प्रबोधनपर’ अशा दोन खोक्यांत टाकून दार लावून घेत होते.

त्यांतही गाव कुठे आहे? कथेतलं यान फार करून मुंबईच्या नाही तर पुण्याच्या प्रयोगशाळेशी बोलतं. ते समुद्रपूर तालुक्यात का उतरू नये? उतरलं तर काय होईल ते मी इथेच सांगतो. यंत्र टेकडीवरचे दगड तपासून झिओलाइट म्हणेल. यानातली डॉक्टर विचारेल की मग या दोन कबरी कुणाच्या. ती ज्याला विचारेल तो आमच्यातलाच कुणीतरी असेल, कापसाच्या दोन वेचण्या आटोपून वर आलेला, आणि तो तिला व्यापाऱ्यांची गोष्ट सांगायच्या आधी विचारेल की एवढं मोठं यान उतरवलं ते कोणाच्या वावरात, आणि नुकसानभरपाईचा पंचनामा कोण करणार. पुढचं लिहायला घेतलं आहे. पंधरा मिनिटांत बसणारं नाही.