नमुना दिसला, म्हणजे उत्तर मिळालं का?

मागच्या आठवड्यात सहावीला मूळ संख्या शिकवताना मी फळ्यावर 31, 331, 3331, 33331 लिहिलं. या सगळ्या मूळ संख्या. पुढच्या 333331, 3333331, 33333331 यासुद्धा मूळच. मुलं खूश! एका मुलीने विचारलं, "सर, मग याच्या पुढची पण मूळच असणार ना?" मी "हो" म्हणून मोकळा झालो.

दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन आली. 7, 11, 13 ने भागून पाहिलं होतं, भाग गेला नव्हता. 17 ने मात्र गेला. 333333331 = 17 × 19607843. सगळ्या वर्गासमोर मी माझी चूक कबूल केली.

मला वाटतं, आपण शिक्षक इथेच कमी पडतो. आकृतिबंध ओळखा, पुढची संख्या लिहा, गुण घ्या, संपलं. पण आकृतिबंध हा पुरावा नसतो, तो एक प्रश्न असतो. हे मुलांना कोण सांगणार?

त्या दिवशी मग नुसत्या 1 ने बनलेल्या संख्या घेतल्या. 11 मूळ आहे. पण 111 = 3 × 37, 1111 = 11 × 101 आणि 11111 = 41 × 271. सहा एक लिहिले तर 111111 = 111 × 1001. मुलांच्याच लक्षात आलं की एक किती वेळा लिहिलाय तो आकडा संयुक्त असेल, तर ती संख्याही संयुक्तच असते. मग तो आकडा मूळ असला की संख्या मूळ? नाही! तीन आणि पाच एकांनी ते दाखवलंच आहे. 11 नंतरची अशी मूळ संख्या थेट 19 एकांची, मग 23 एकांची आणि मग एकदम 317 एकांची.

49081 एकांची संख्या मूळ असावी, असं 1999 मध्ये आढळलं. ते सिद्ध झालं 2022 मध्ये. तोपर्यंत गणितज्ञ "बहुधा मूळ" एवढंच म्हणत राहिले. मी मात्र एका क्षणात "हो" म्हणालो होतो.

पालकांनो, मूल घरी असा लांबलचक भागाकार करत बसलं, तर "हे परीक्षेला आहे का?" असं विचारू नका. आणि शिक्षक मित्रांनो, पुढच्या वेळी "हो" म्हणण्याआधी "चल, तपासून बघूया" म्हणू या. मी तरी आता तेच म्हणतो.