मानवी जीवन वगळता

ताजमहालाच्या परिसरातील प्रदूषणाविषयी सर्वोच्च न्यायालयाने 30 डिसेंबर 1996 रोजी निकाल दिला. कोळसा जाळणाऱ्या 292 उद्योगांनी नैसर्गिक वायूकडे वळावे, अन्यथा तो परिसर सोडावा, असा आदेश होता. उद्योग की पर्यावरण, या वांझोट्या वादात न अडकता न्यायालयाने प्रश्न इंधनापाशी आणला, हे मला मोलाचे वाटते.

मी अडखळतो तो एका शब्दप्रयोगापाशी. ताजसारखी वास्तू पणाला लागली असता एक टक्काही धोका पत्करता येणार नाही, असे सांगताना मूळ इंग्रजी वाक्याच्या मधोमध 'मानवी जीवन वगळता' अशा अर्थाचे शब्द येतात. 'माणसाच्या जिवाचे तर आहेच, शिवाय...' असेही ते वाचता येतात. न्यायमूर्तींना बहुधा तेच अभिप्रेत असावे. पण वाद पेटला तो संगमरवर पिवळा पडतो म्हणून. फिरोजाबादेत आपल्याकडच्या बांगड्यांची काच वितळवणारा कामगार कोळशाचा धूर कितीतरी आधीपासून छातीत भरून घेत होता. पुढे तेथील भट्ट्या वायूवर आल्या. त्याला मिळालेला दिलासा मात्र आनुषंगिकच.

चंद्रपूरच्या औष्णिक वीजकेंद्राच्या आसमंतात तर ताजमहालही नाही. तेथील राखेविषयी न्याय मागणाऱ्याने कोणता संगमरवर दाखवावा?