डोळे एका खात्याचे, ऊन दुसऱ्या खात्याचे

वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या मुलाला फळा दिसत नसेल, तर ते त्याला स्वतःलाही बहुधा ठाऊक नसते. दूरचे जग असेच पुसट असते, सगळ्यांनाच ते तसे दिसते, अशी त्याची समजूत असते. तो शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेतो, डोळे बारीक करतो, फळ्यावरचा तीन आठसारखा वाचतो आणि वर्षअखेरीस त्याच्या प्रगतिपुस्तकावर ‘लक्ष देत नाही’ असा शेरा येतो. शाळकरी वयातील निकटदृष्टितेचा, म्हणजे रोजच्या भाषेत ‘मायनस नंबर’चा, प्रश्न इथून सुरू होतो. आपल्या सार्वजनिक चर्चेत मात्र तो मोबाइलपाशी येऊन संपतो. पालक मोबाइलला दोष देतात, शिक्षक पालकांना देतात आणि सरकार किती चष्मे वाटले त्याचा आकडा देते. यातले खोटे काहीच नाही. पण या सर्वांच्या नजरेतून एक गोष्ट निसटली आहे. मुलांच्या दिवसातून सूर्यप्रकाश नाहीसा होत चालला आहे आणि त्यातला मोठा वाटा शाळेच्या वेळापत्रकाने उचललेला आहे.

दिल्लीचे उदाहरण पाहावे, कारण तेथे या विषयाचा अभ्यास वारंवार झाला आहे. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिल्लीतील ५ ते १५ वयोगटातील मुलांमध्ये निकटदृष्टितेचे प्रमाण ७.४ टक्के आढळले होते. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या, म्हणजे ‘एम्स’च्या, नेत्रतज्ज्ञांनी दिल्लीतल्याच सुमारे दहा हजार शाळकरी मुलांची तपासणी करून २०१५ मध्ये निष्कर्ष मांडले, तेव्हा हे प्रमाण १३.१ टक्के निघाले. दोन्ही पाहण्यांची पद्धत तंतोतंत सारखी नव्हती, त्यामुळे या आकड्यांची सरळ वजाबाकी करणे योग्य नाही. तरीही दिशा स्पष्ट आहे. जवळपास त्याच काळात, त्या वेळच्या आंध्र प्रदेशातील महबूबनगर जिल्ह्याच्या ग्रामीण भागात हे प्रमाण ४ टक्क्यांच्या आसपास होते. आनुवंशिकतेचा वाटा असतोच. आईवडील दोघांनाही चष्मा असेल तर मुलाला तो लागण्याची शक्यता वाढते. पण एका शहरातील मुलांची गुणसूत्रे दहा-पंधरा वर्षांत बदलत नाहीत. बदलते ती त्यांची दिनचर्या.

एम्सच्या त्या अभ्यासात आणखी दोन गोष्टी होत्या आणि त्यांच्याकडे पुरेसे लक्ष गेले नाही. पहिली अशी की, निकटदृष्टिता असलेल्या मुलांपैकी जेमतेम चौथ्या हिश्श्याकडे योग्य नंबरचा चष्मा होता. दुसरी अशी की, खासगी शाळांतील मुलांमध्ये हे प्रमाण अधिक होते. जी मुले दिवसाला पाच तासांहून अधिक अभ्यास करीत, दूरचित्रवाणी किंवा खेळांच्या पडद्यासमोर बसत, त्यांना धोका जास्त होता. जी दोन तासांहून अधिक वेळ घराबाहेर मोकळ्यावर असत, त्यांना तो कमी होता. म्हणजे पडदा निर्दोष नाही. पण पडदा काढून घेतला आणि मुलाला त्याच खोलीत शिकवणीच्या पुस्तकासमोर बसवले, तर डोळ्याचे फारसे भले होत नाही. मध्यमवर्गीय घरांत मोबाइल हिसकावून नेमके हेच केले जाते.

असे का होते, हे समजून घेणे अवघड नाही. निकटदृष्टितेत नेत्रगोल पुढून मागे प्रमाणाबाहेर लांबतो आणि दूरच्या वस्तूची प्रतिमा दृष्टिपटलावर न पडता त्याच्या अलीकडे पडते. प्रौढ माणसाच्या डोळ्याची लांबी साधारण २४ मिलिमीटर असते. ती एका मिलिमीटरने वाढली तरी नंबर अडीच-तीनने वाढतो. लांबलेला डोळा पुन्हा आखूड होत नाही. चष्मा प्रतिमेला जागेवर आणतो, डोळ्याला नाही. म्हणूनच ‘चष्मा लागला, त्यात काय एवढे’ ही समजूत धोक्याची आहे. नंबर उणे सहाच्या पलीकडे गेला की ताणलेले दृष्टिपटल सुटणे, काचबिंदू होणे, दृष्टिपटलाच्या मध्यभागाची झीज होणे हे धोके वाढतात, आणि यातल्या झिजेवर चष्म्याचाही इलाज चालत नाही. चष्मा जितक्या लहान वयात लागतो, तितका शेवटचा नंबर मोठा होण्याची शक्यता अधिक. त्यामुळे खरी लढाई सहा ते बारा या वयातली आहे. चष्मा लागणे चार वर्षे लांबले, तरी पुढच्या आयुष्यातला फरक मोठा असतो.

भर उजेडात दृष्टिपटलातून डोपामाइन हे द्रव्य अधिक प्रमाणात स्रवते आणि ते नेत्रगोलाच्या लांबण्याला आवर घालते, असे आज बहुतेक संशोधक मानतात. कारणाचा तपशील अजून उलगडत असला तरी परिणाम मोजला गेला आहे. चीनमधील ग्वांगझू शहरात बारा प्राथमिक शाळा निवडून त्यातल्या सहा शाळांत पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटांचा एक जादा तास मैदानावर दिला गेला. तीन वर्षांनी या शाळांत ३०.४ टक्के मुलांना नवी निकटदृष्टिता आली. उरलेल्या सहा शाळांत ३९.५ टक्के. कोणतेही औषध नाही, उपकरण नाही, केवळ ४० मिनिटे. तैवानने २०१० पासून शाळांमध्ये रोज १२० मिनिटे बाहेर घालवण्याचा कार्यक्रम राबवला. तेथील प्राथमिक शाळांत कमी दिसणाऱ्या मुलांचे प्रमाण वर्षानुवर्षे चढत होते. ते २०१२ मध्ये ४९.४ टक्के होते, २०१५ मध्ये ४६.१ टक्क्यांवर आले. उतार लहान आहे; पण अनेक दशकांची चढण थांबून तो आलेला आहे, हे महत्त्वाचे.

इथे भारतीय वाचकाच्या मनात लगेच शंका येईल, आणि ती रास्त आहे. मे महिन्यात नागपूर किंवा जयपूरच्या मुलांना मैदानावर उभे करायचे काय? तैवानच्याच संशोधकांनी २०१८ मध्ये याचे उत्तर दिले आहे. डोळ्याला कडक उन्हाची गरज नाही. प्रकाश लक्स या एककात मोजतात. वर्गखोलीत तो बहुधा तीनशे ते पाचशे लक्स असतो, अनेक ठिकाणी त्याहूनही कमी. हजार लक्सच्या पुढचा प्रकाशही लाभदायक ठरतो आणि तेवढा तर झाडाच्या सावलीत किंवा मोकळ्या व्हरांड्यातही मिळतो. ज्या देशाने वडापिंपळाखाली शाळा भरवल्या, त्या देशाला हे नवे वाटू नये. ती झाडाखालची शाळा आपण गरिबीची खूण मानून आत नेली, आणि आत नेताना खिडक्या लहान ठेवल्या.

आता आपली व्यवस्था कशी आहे ते पाहू. अंधत्व निवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे आणि शाळकरी मुलांची नेत्रतपासणी व मोफत चष्मे हा त्याचा भाग आहे. २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आला. त्याची फिरती पथके सरकारी आणि अनुदानित शाळांत वर्षातून एकदा येऊन इतर अनेक आजारांबरोबर दृष्टीही तपासतात. आंध्र प्रदेशाने २०१९ मध्ये ‘कंटी वेलुगू’ ही मोहीम सुरू केली, ती शाळकरी मुलांपासूनच. हे सगळे चांगले आहे आणि त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु या सर्व योजना आरोग्य खात्याच्या आहेत आणि त्या चष्म्यापाशी थांबतात. मूल दिवसातले किती तास कोणत्या प्रकाशात बसते, हा प्रश्न शिक्षण खात्याचा. त्या खात्याच्या लेखी डोळा हा विषयच नाही.

शिक्षण खात्याला मुलांच्या शरीराची काळजी नाही असेही नाही. पाठीवरच्या ओझ्यासाठी २०२० मध्ये दप्तर धोरण आले, दुसरीपर्यंत गृहपाठ नको असे त्यात म्हटले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात मैदान ही शाळेची अट आहे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१८ मध्ये नववी ते बारावीला रोज शारीरिक शिक्षणाचा तास सक्तीचा केला. पण नववीत पोहोचेपर्यंत ज्याला चष्मा लागायचा त्याला बहुधा लागून गेलेला असतो. बाहेर घालवलेल्या वेळेचा उपयोग चष्मा लागू नये यासाठी अधिक आहे; लागलेला नंबर रोखण्यात त्याचा प्रभाव त्या मानाने कमी दिसतो. पहिली ते पाचवीला जे द्यायला हवे होते, ते आपण नववीला दिले. तेथेही सहामाही परीक्षा जवळ आली की पहिला बळी याच तासाचा जातो, हे कोणत्याही पालकाला विचारावे.

मैदान नसलेल्या शहरी शाळांचे काय, हा प्रश्न उरतो. त्यांनी गच्ची, व्हरांडा, शेजारची बाग वापरावी. प्रार्थना, वाचन, चित्रकला, पाढे यांना चार भिंती लागत नाहीत. आणि उत्तर भारतातल्या हिवाळ्याचे काय? २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये दिल्लीतल्या शाळा प्रदूषणामुळे बंद करून मुलांना पुन्हा घरातल्या पडद्यासमोर बसवावे लागले. फुप्फुसे वाचवायची तर डोळ्यांची किंमत मोजा, असा तो व्यवहार होता. त्याला वेळापत्रकाचे उत्तर नाही, आणि कोणी तसे सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये.

ज्या मुलांना चष्मा लागलेलाच आहे, त्यांच्याबाबतीत आपण काय मोजतो हेही तपासायला हवे. अहवालात येतात ते तपासलेल्या मुलांचे आणि वाटलेल्या चष्म्यांचे आकडे. पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागातील माध्यमिक शाळांत चष्मे दिल्यानंतर काही महिन्यांनी नेत्रतज्ज्ञांनी एक हजारांहून अधिक मुलांना पुन्हा गाठले, तेव्हा त्यातल्या सुमारे ३० टक्के मुलांच्याच डोळ्यांवर चष्मा होता. बाकीच्यांचा फुटला होता, हरवला होता, घरी राहिला होता. काहींनी चिडवतात म्हणून तो काढून ठेवला होता. मुलींच्या बाबतीत यात आणखी एक पदर असतो. ‘चष्मिश मुलीला स्थळ कसे येणार’ हे वाक्य अजून आपल्या घरांतून गेलेले नाही, आणि ते बोलणाऱ्यांत आई-आजी-आत्या सगळ्या असतात. चष्मा देताना छायाचित्र निघते, तो सहा महिन्यांनी नाकावर आहे का हे पाहताना निघत नाही. ग्रामीण चीनमध्ये मोफत चष्मे दिलेल्या मुलांचे गणिताचे गुण वाढल्याचे २०१४ मधील संशोधन सांगते. आपण ज्यांना ‘ढ’ ठरवून मागे बसवले, त्यांतल्या काहींना केवळ दोन काचांची गरज होती.

बाजार अर्थातच जागा झाला आहे. नंबर वाढण्याचा वेग कमी करणारी विशेष भिंगे आणि अट्रोपिनचे सौम्य थेंब आज मोठ्या शहरांत मिळतात. नेत्रतज्ज्ञाच्या देखरेखीखाली काही मुलांना त्यांचा उपयोगही होतो. परवडणाऱ्यांनी ते जरूर घ्यावेत. सप्टेंबर २०२५ मध्ये नंबरच्या चष्म्यांवरील वस्तू व सेवा कर ५ टक्क्यांवर आणला गेला, हेही स्वागतार्ह आहे. पण भिंगे आणि थेंब खासगी शाळेतल्या मुलापर्यंत पोहोचतील. जिल्हा परिषदेच्या किंवा महापालिकेच्या शाळेतल्या मुलाला मिळू शकणारा प्रतिबंध म्हणजे फुकटचा दिवसाचा उजेड. निकटदृष्टिता आज शहरी, शिकलेल्या घरांची व्याधी दिसते. शिकवणी वर्ग, बंद खोल्या आणि स्वस्त पडदे जसजसे तालुक्याच्या गावी पोहोचत आहेत, तसतशी ती तेथेही पोहोचेल, आणि तेथे नेत्रतज्ज्ञ मात्र नसेल.

राज्यांच्या शिक्षणमंत्र्यांना यासाठी नवा कायदा नको, नवा निधीही फारसा नको. पहिली ते पाचवीच्या वेळापत्रकात रोजचा एक तास वर्गाबाहेर, तो गणित किंवा भाषेला उसना देता येणार नाही अशा अटीसह. मधल्या सुट्टीत वर्गाला कुलूप. आणि बाल स्वास्थ्य पथकाच्या नोंदवहीत दोन नवे रकाने. एक, गेल्या वर्षी दिलेला चष्मा आज मुलाच्या डोळ्यांवर आहे का. दुसरा, ही शाळा मुलांना दिवसातून किती मिनिटे बाहेर नेते. दुसरा रकाना भरायला आरोग्य खात्याच्या माणसाला मुख्याध्यापकांच्या खोलीत जाऊन विचारावे लागेल. आजवर त्याला तसे कोणी सांगितलेले नाही.