ठासणीच्या बंदुकीला क्रमांक कोण देणार?

२०२५ च्या ऑक्टोबरमध्ये गडचिरोलीत मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने साठ सहकाऱ्यांसह शरणागती पत्करली, तेव्हा ५४ शस्त्रे शासनाच्या स्वाधीन झाली. त्यांत सात एके-४७ आणि नऊ इन्सास रायफली होत्या. इन्सास सरकारी कारखान्यात तयार होते. तिच्यावरील क्रमांक शाबूत असेल तर ती कोणत्या दलाला दिली गेली होती, हे कागदावरून शोधता येते. गावच्या लोहाराने घडवलेली भरमार मात्र मुकी असते. तिला क्रमांकच नसतो. आणि पूर्व विदर्भाच्या जंगलपट्ट्यात खेड्यापाड्यांतील माणसाचा संबंध येतो तो बहुधा या मुक्या बंदुकीशीच.

१९५९ च्या शस्त्र अधिनियमाचे आठवे कलम या संदर्भात मुळातून वाचण्याजोगे आहे. बंदुकीवरील निर्मात्याचे नाव वा क्रमांक खोडणे, बदलणे हा अपराध आहे. असे चिन्ह नसलेली बंदूक विकणेही निषिद्ध आहे. येथवर कोणाची तक्रार असू नये. परंतु तिसरे उपकलम पुढे जाते. ज्याच्या ताब्यात चिन्हरहित बंदूक सापडेल त्यानेच ते चिन्ह नष्ट केले, असे विरुद्ध सिद्ध होईपर्यंत गृहीत धरावे, असे ते सांगते. आता ज्या नळीवर जन्मापासून क्रमांक नव्हता तिच्यावरील क्रमांक पुसल्याचे गृहीतक आजोबांची बंदूक सांभाळणाऱ्या नातवाच्या माथी येते. क्रमांक उमटवण्याचा खर्च निर्मात्याला नगण्य. तो न उमटवल्याची किंमत मात्र शेवटच्या धारकाने द्यायची, अशी ही वाटणी आहे. बाजारपेठेतही याहून न्याय्य वाटणी आढळते!

क्रमांक कोठे असावा, हा प्रश्नही वाटतो तितका क्षुल्लक नाही. बंदुकीचे भाग सुटे होतात, बदलता येतात. म्हणून अमेरिकेच्या १९६८ च्या कायद्याने तो मुख्य सांगाड्यावर, म्हणजे चाप व घोडा ज्यात बसतात त्या धातूच्या भागावर, सक्तीचा केला. पुढे नियमांनी कोरण्याची खोली इंचाच्या तीन सहस्रांशांहून कमी नसावी, असेही ठरवले. खोलीला अर्थ आहे. ठशाखालचा धातू दाबला गेलेला असतो, त्यामुळे वरचे अंक कानसले तरी तेजाबाच्या प्रक्रियेने ते पुष्कळदा पुन्हा वाचता येतात. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २००५ मध्ये स्वीकारलेल्या शस्त्रमागविषयक दस्तऐवजाचा भरही सांगाड्यासारख्या मूळ भागावरच आहे. तथापि ठासणीच्या बंदुकीला असा सांगाडा नसतो. असते ती एक लोखंडी नळी आणि लाकडी दस्त्यात बसवलेली कळ. दस्ता कुजतो, कळ बदलते, नळी टिकते. अमेरिकेत काळ्या दारूची अशी बंदूक बहुतांशी पुराणवस्तू म्हणून कायद्याबाहेर राहते. आपल्याकडे ती पूर्णपणे कायद्याच्या कक्षेत आहे.

इतकेच नव्हे, तर याच अधिनियमाचे तेरावे कलम पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचाच नामोल्लेख करते. धानाच्या बांध्यांत रानडुकरे शिरणाऱ्या गोंदियासारख्या जिल्ह्यात ही तरतूद केवळ पुस्तकी नव्हे. (परवाना म्हणजे वन्यप्राणी मारण्याची मुभा नव्हे, त्यासाठी वेगळी अनुमती लागते, हे सांगितलेले बरे.) नागझिरा व नवेगाव यांमुळे येथे आणखी एक कायदा लागू होतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या ३४ व्या कलमानुसार अभयारण्याच्या दहा किलोमीटर परिसरातील शस्त्र परवानाधारकाने वनखात्याकडे नोंदणी करावयाची असते. नोंदणी कशाची? धारकाच्या नावाची. अलीकडच्या राष्ट्रीय माहितीसंचातील विशिष्ट क्रमांकही परवानाधारकाचाच आहे. माणसाला दोन ठिकाणी ओळख मिळाली, बंदुकीची ओळख मात्र पुन्हा त्या नळीवरील ठशावरच अवलंबून राहिली.

२०१९ च्या दुरुस्तीने चिन्हरहित शस्त्रांच्या अवैध व्यापाराला किमान दहा वर्षे ते जन्मठेप अशी शिक्षा ठेवली. शिक्षा वाढली म्हणून लोहाराचा माग लागतो असे नाही. त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे केली. म्हणजे नूतनीकरणाला आलेल्या प्रत्येक ठासणीच्या बंदुकीची नळी पोलीस शस्त्रागारात तपासून, क्रमांक नसल्यास तो विनाशुल्क ठोकून, तोच परवान्यावर व वनखात्याच्या नोंदीत घालण्याचे ठरवले तर पाच वर्षांत एक फेरी पूर्ण होते. यासाठी लागतो एक नियम आणि एक पोलादी ठसा.

विनापरवाना बंदुकांचे काय, हा खरा अवघड प्रश्न. अधिनियम १ ऑक्टोबर १९६२ रोजी अमलात आला तेव्हा आधीपासून चिन्हरहित बंदूक बाळगणाऱ्यांना या गृहीतकातून एक वर्षाची सूट दिली गेली होती. तशी सूट पुन्हा द्यावी. त्या अवधीत जो बंदूक ठाण्यात जमा करील त्याच्यावर खटला भरू नये. शिकारचोरांचे फावेल, असा आक्षेप येईल. परंतु जमा झालेली बंदूक शिकार करीत नाही, आणि ती कोठून आली हे सांगण्याची भीती गेली तरच घडवणाऱ्यापर्यंत पोहोचता येईल. हाती शस्त्र घेऊन राज्याशी लढलेल्यांसाठी महाराष्ट्राने २००५ पासून आत्मसमर्पण योजना चालवली आहे. डुकरे हाकण्यासाठी भरमार बाळगणाऱ्या शेतकऱ्याला बारा महिने देणे याच शासनाला जड जाऊ नये.