हा जंत आपला आहे

'जंत' हा शब्द कानावर पडला की घराघरांत नाक मुरडले जाते. पोट धरून बसलेले पोर, त्याला सारखी दटावणारी आजी आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी एवढेच चित्र डोळ्यांपुढे येते. २०१५ पासून तर १० फेब्रुवारी हा राष्ट्रीय जंतनाशक दिन म्हणून पाळला जाऊ लागला आणि शाळा-अंगणवाड्यांतून या गोळ्या वाटल्या जाऊ लागल्या. ते योग्यच झाले. पण जंतांच्या फार मोठ्या कुळातले थोडेच सभासद आपल्या पोटात शिरतात. बाकीचे मातीत राहतात. शेतीशास्त्रात त्यांना सूत्रकृमी म्हणतात. सुतासारखे बारीक म्हणून सूत्रकृमी. चमचाभर मातीतही ते असतात आणि नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. विदर्भाच्या शेतीचे बरेवाईट त्यांच्याशी बांधलेले आहे, आणि त्यांच्याविषयी आपण नागपूरकरांनी काही ठरवण्याची वेळ आली आहे, असे माझे मत आहे.

आधी वाईट काय ते पाहू. २०१४ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळालेल्या आपल्या नागपुरी संत्र्याच्या मुळांवर एक सूत्रकृमी जगतो. मादी डोक्याकडचे अंग मुळात खुपसते आणि मागचे अंग बाहेर मातीत ठेवते, म्हणून त्याच्या शास्त्रीय नावातच 'अर्धा शिरलेला' असा अर्थ आहे. १९१२ मध्ये तो अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात प्रथम आढळला आणि आज जगातल्या बहुतेक संत्रा-लिंबाच्या बागांत आहे. तो झाड एका हंगामात मारत नाही. पाने पिवळी पडतात, शेंडे वाळतात, फळ लहान राहते; बागायतदार म्हणतो, झाड खंगले. डिंक्या दिसतो, कोळशी दिसते, हा मात्र दिसत नाही. रोपवाटिकेतल्या कलमाच्या मुळांबरोबर तो नव्या बागेतही जाऊन पोचतो.

आता बरे काय ते. याच कुळात असे सूत्रकृमी आहेत, की जे झाडाच्या वाटेला जात नाहीत. ते किडी मारतात. अर्धा मिलिमीटर लांबीचे त्यांचे पिल्लू मातीतल्या ओलाव्यातून पोहत हुमणीपर्यंत जाते. तिच्या तोंडातून, गुदद्वारातून किंवा श्वासाच्या छिद्रांतून आत शिरते. पण एवढ्याने हुमणी मरत नाही. या पिल्लाच्या आतड्यात एका खास जातीचे जिवाणू असतात. ते तो किडीच्या रक्तात सोडतो आणि साधारण दोन दिवसांत कीड मरते. मग हे जिवाणू प्रतिजैविके तयार करून ते कलेवर सडू देत नाहीत. सूत्रकृमी वाढलेल्या जिवाणूंवर जेवतात, त्यांच्या दोन-तीन पिढ्या तिथेच होतात आणि दोनेक आठवड्यांनी लाखाच्या घरात नवी पिल्ले बाहेर पडतात. प्रत्येकाच्या पोटात जिवाणूंची शिदोरी बांधलेली! जिवाणूला किडीपर्यंत स्वतः जाता येत नाही, सूत्रकृमीला जिवाणूवाचून संसार मांडता येत नाही. असे हे बिऱ्हाड आहे.

यातल्या एका गटाचे जिवाणू अंधारात मंद प्रकाशतातही. १८६२ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या यादवी युद्धात शायलो येथील रणांगणावर काही जखमींच्या जखमा रात्री चमकत होत्या आणि तेच लवकर बरे झाले, अशी एक आख्यायिका तिकडे आहे. ती चमक याच जिवाणूंची असावी, असा तर्क २००१ मध्ये दोन शाळकरी मुलांनी एका विज्ञान प्रदर्शनात मांडला. तो तर्कच आहे. पण मुलांनी इतिहासाच्या पुस्तकावरून जीवशास्त्राकडे उडी मारली, याचे कौतुक करायलाच हवे.

आपल्याकडे या विषयाचे ज्ञान नाही, असे कुणी म्हणू नये. या गटातली एक महत्त्वाची जात भारतातच, कोइमतूरच्या ऊस संशोधनातून पुढे आली आणि १९९२ मध्ये तिला नावही 'इंडिका' असे मिळाले. आपली उष्णता तिला सोसते. नागपुरात तर १९७६ पासून केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे आणि तिथे कपाशीच्या किडींसाठी या सूत्रकृमींवर काम झालेले आहे. १९८५ मध्ये सुरू झालेले लिंबूवर्गीय फळांचे राष्ट्रीय केंद्र आज केंद्रीय संस्था म्हणून याच शहरात उभे आहे. संत्र्याच्या मुळांवरील सूत्रकृमीची अंडी खाणारी बुरशीही शास्त्रज्ञांना ठाऊक आहे. म्हणजे शत्रू-जंतावर बुरशी आणि शत्रू-किडीवर मित्र-जंत, अशी दोन्ही हत्यारे आपल्या हाताशी आहेत.

मग अडले कुठे? माझ्या मते, अडले ते आपल्या सवयीत. आपण प्रत्येक उपायाकडे बाटली म्हणून पाहतो. दुकानात जायचे, बाटली आणायची, पंपात ओतायची, संध्याकाळपर्यंत अळ्या मेल्या पाहिजेत. या सवयीची किंमत आपण मोजलेली आहे. २०१७ च्या खरिपात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन किमान २० शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो दवाखान्यांत भरती झाले. पऱ्हाटी डोक्याइतकी वाढलेली, हवा दमट, अंगावर साधा सदरा, औषधांचे मिश्रण ज्याच्या-त्याच्या अंदाजाने केलेले. त्याच वर्षी गुलाबी बोंडअळीने बीटी कपाशीलाही जुमानले नाही. माणूस दगावला आणि अळी राहिली, असा तो हंगाम होता.

त्यानंतर 'जैविक' हा शब्द सर्वांच्या तोंडी आला. पण सवय तीच राहिली. भर मे महिन्यात, पत्र्याच्या छपराखालच्या एका दुकानात जैविक औषधांची पाकिटे रचून ठेवलेली मी पाहिली आहेत. बाहेर पंचेचाळीस अंश तापमान! गावाचे आणि दुकानाचे नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण असे दुकान कुठल्याही तालुक्यात सापडेल. विषाची बाटली या उन्हात टिकते. जिवंत प्राणी मरतो. शेतकरी ते मेलेले पाकीट घेऊन जातो, भर दुपारी कोरड्या वावरात टाकतो, काही होत नाही, आणि मग 'जैविकात दम नाही' असा निकाल लागतो. तो शेतकऱ्याचा दोष नव्हे. त्याला कुणी सांगितलेच नाही, की आपण औषध नव्हे, गुरे नेतो आहोत. गुरांना सावली आणि पाणी लागते.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. या सूत्रकृमीने कपाशीचे सगळे प्रश्न सुटतील, असे मी म्हणत नाही. तो ओलाव्याचा जीव आहे. विदर्भाच्या उन्हात पानावर टाकला तर तासाभरात वाळेल; बोंडात शिरलेल्या अळीपर्यंत त्याची पोच नाही. त्याचे खरे रान म्हणजे माती: हुमणी, रोपे कुरतडणाऱ्या अळ्या, कोष करायला जमिनीत उतरणाऱ्या अळ्या. गुलाबी बोंडअळीवर अमेरिकेत १९९० च्या दशकात असे प्रयोग झाले. पण २०१८ मध्ये त्या देशाने कपाशीतून तिचे उच्चाटन झाल्याचे जाहीर केले, ते अनेक उपाय एकत्र आणि सर्वांनी मिळून केल्यामुळे: बीटी वाण, कामगंध, प्रजननक्षम नसलेले पतंग सोडणे आणि वेळेत शेत मोकळे करणे. आपण मात्र फरदड सोडायला तयार नसतो.

हिशेबही मांडून पाहू. शेतात साधारणपणे एकरी १०० कोटी सूत्रकृमी सोडण्याची शिफारस असते. प्रयोगशाळेत ते मेणपतंगाच्या अळ्यांवर वाढवतात. एका अळीतून दोन लाख मिळाले असे धरले, तर एका एकराला पाच हजार अळ्या लागतील. म्हणजे हे स्वयंपाकघरात होणारे काम नव्हे, पण त्यासाठी अवाढव्य कारखानाही लागत नाही. तालुक्याच्या ठिकाणी एक थंड खोली, काही ट्रे, एक सूक्ष्मदर्शक आणि शिकलेले पाच-सहा हात पुरेत. भुकटीच्या रूपात काही महिने टिकणारे प्रकार बंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संस्थेने तयार केले आहेत, ते चांगलेच झाले. तरीही दूरवरून आलेल्या पाकिटावर सगळी भिस्त ठेवू नये, असे मला वाटते. सूत्रकृमी प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढवला की त्याचा जोर ओसरतो. आपल्या घरी विरजण जुने झाले की आपण शेजारणीकडून ताजे आणतो ना? तसेच इथे अधूनमधून आपल्याच मातीतून ताजे वाण आणावे लागते. हे काम जवळच्या माणसालाच जमते.

म्हणून माझी मागणी साधी आहे. शासनाने प्रत्येक तालुक्यात असे एक केंद्र उभारावे आणि ते महिला बचत गटांच्या हाती द्यावे. मृगाच्या आधी गावागावांतून नोंदणी घ्यावी आणि पाऊस पडून जमीन ओली झाली की तेवढाच ताजा माल संध्याकाळी बांधावर पोचवावा. पाकिटावर फक्त कंपनीचे नाव नको. तयार केल्याची तारीख आणि जिवंत सूत्रकृमींची संख्या हवी, आणि ती तपासणारा माणूसही हवा. पाण्याच्या थेंबात टाकून भिंगाखाली पाहिले की जिवंत कोण आणि मेलेले कोण, हे शाळकरी मुलालाही कळते.

मुलांचा विषय निघाला म्हणून आणखी एक. आपल्या मातीतले हे सूत्रकृमी शोधण्याची रीत फार सोपी आहे. डब्यात ओलसर माती भरायची, मेणपतंगाच्या चार अळ्या ठेवायच्या, झाकण लावून आठवडाभर थांबायचे. अळी मरून विटेसारखी लाल झाली आणि तिला दुर्गंधी आली नाही, तर आत आपला पाहुणा असण्याची शक्यता आहे. काटोल, नरखेड, वरूड, कळंब इथल्या शाळांनी हा प्रयोग केला आणि लाल अळ्यांचे डबे नागपूरच्या संस्थांकडे पाठवले, तर विदर्भाचे स्वतःचे वाण सापडण्यास मोठी मदत होईल.

यासाठी पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न विचारला जाईल. त्यावर मी एवढेच म्हणेन, की विषबाधा झालेल्या माणसाचा दवाखान्याचा खर्च आणि त्याच्या मागे राहिलेल्या कुटुंबाला द्यायची मदत हाही सरकारी तिजोरीतलाच पैसा असतो. तो आपण हंगाम संपल्यावर खर्च करतो. त्यातला थोडा मृगाच्या आधी खर्च करून पाहू या.