कोठीतली गोळी

एप्रिल-मे आला की आपल्या वारणा खोऱ्यात वर्षाचे धान्य भरण्याची गडबड सुरू होते. गहू-शाळू उन्हात पडतो आणि दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो: "डॉक्टर, किड्याच्या गोळ्या घातलेलं धान्य खाल्लं तर चालतं का?"

प्रश्न बरोबर आहे, पण अर्धाच. गोदामातली गोळी ॲल्युमिनियम फॉस्फाइडची असते. हवेतल्या दमटपणाने तिच्यातून फॉस्फीन हा विषारी वायू सुटतो. ३ ग्रॅमच्या गोळीतून सुमारे १ ग्रॅम. किडे मेल्यावर धान्याला वारा दिला की तो बहुतेक निघून जातो. उरलेल्या अंशाला मर्यादा आहे. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांत अख्ख्या धान्यासाठी ती किलोमागे ०.१ मिलिग्रॅम आहे. तेव्हा नियमाने धुरी दिलेल्या धान्याची धास्ती नको.

मात्र ही मर्यादा पाळली जाते ती ताडपत्री, ठरलेले दिवस, मोकळी हवा आणि जाणता माणूस असेल तरच. घरी यातले काय असते? म्हणून तर कायद्याने ही धुरी सरकारी यंत्रणा आणि तज्ज्ञांच्या देखरेखीखाली काम करणाऱ्यांपुरतीच ठेवली. १० आणि २० गोळ्यांच्या नळ्यांवर २००१ साली बंदी आली. तरी कागदाच्या पुडीत सुट्या गोळ्या मिळतातच. विकणारा दोषी आहेच. पण मागणारे आपणच.

दोन खोल्यांच्या घरात कोठी आणि अंथरूण एकाच भिंतीला असते. वायू पोत्याच्या विणीतून, झाकणाच्या फटीतून बाहेर येतो. उलट्या, छातीत दडपण, धाप अशी लक्षणे दिसतात आणि यावर उतारा औषध नाही. रुग्णाला मोकळ्या हवेत आणून तडक मोठ्या रुग्णालयात न्यावे, गोळीचे नाव सांगावे.

पाऱ्याच्या टिकड्यांना बायका निरुपद्रवी समजतात. पारा वारा दिल्याने जात नाही, शिजवून तर नाहीच. त्या डब्यात नकोतच.

धान्य कडक वाळवा, थंड झाल्यावर घट्ट झाकणाच्या कोठीत भरा, डाळींना एरंडेल चोळा. बाजारपेठ दारात असताना वर्षाचे भरायचा हट्ट कशाला? (सासूबाईंना पटणार नाही, ठाऊक आहे.) तीन महिन्यांचे पुरे.

गोळ्या आधीच टाकल्या असतील, तर कोठी उघडत बसू नका, पाणी तर मुळीच ओतू नका. दारे-खिडक्या सताड उघडून सगळे बाहेर पडा, आणि जाणकार माणूस येऊन पाहीपर्यंत त्या घरात कुणालाही झोपू देऊ नका.